किळस आणि स्वादुपिंड

आजारातून उठलेला माणूस गोड बोलायला लागतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्याला शेजारीपाजारी देवमाणसं वाटू लागतात, वरणभातात अमृत लागतं. माझं तसं काही झालेलं नाही. मी आधी चिडका होतो, आता जास्त चिडका आहे. मला हा आजार आठवतो तो वासांवरून आणि रंगांवरून, आणि त्यातला एकही चारचौघांत सांगण्याजोगा नाही. तरी सांगतो, कारण मी जी चूक केली ती आमच्याकडे अजून घरोघर होते. नाकाला धोतराचा सोगा लावून वाचा, पण वाचा.

मी अकोल्याच्या जुन्या शहरात प्राथमिक शाळेत मास्तर. घरात तिघं: मी, बायको शेवंता आणि माय. मूलबाळ नाही. स्वच्छतेचं मला वेड. दोन वेळा अंघोळ, नीळ दिलेलं धोतर, दर शनिवारी नखं. याला कारण आहे. लहानपणी शाळेत मला दाराबाहेर पोत्यावर बसवत आणि 'याचा वास येतो' असं सांगत. मास्तर झाल्यावर मी त्याच शब्दांच्या नाकावर टिच्चून रोज कडक सदरा घालून वर्गात शिरायचो. माझ्या अंगाचा वास कोणाला येणार नाही, याची मी आयुष्यभर काळजी घेतली. आजारानं नेमकं तेच काढून घेतलं.

*

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली मायच्या देव्हाऱ्यातले टाक मी स्वतः मोर्णा नदीत सोडून आलो. पुढे दर रविवारी वस्तीतल्या विहारात माझं व्याख्यान असायचं. अंगारे, धुपारे, भगत, सगळ्यांची मी सालटी काढायचो. एका रविवारी विषय होता काविळीची माळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: कसल्याशा वेलीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात अडकवून माळ करतात आणि रोग्याच्या गळ्यात घालतात. रोग उतरतो तशी माळ लांबत जाते, बेंबीखाली गेली की कावीळ गेली, असा समज. मी तशी एक माळ आणून विहारातल्या खुंटीला अडकवली. पुढच्या रविवारी ती वीतभर लांब झालेली.

"पाहा मंडळी, खुंटीची कावीळ उतरली!" मी म्हणालो. लोक पोट धरधरून हसले. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, दोरा सरकतो. दुसरं काही नाही.

दीक्षेला दहा वर्षं झाली, त्या सालच्या उन्हाळ्यात माझे डोळे पिवळे झाले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, साधी कावीळ, तेल बंद करा, उसाचा रस प्या. तीन आठवडे मी रस प्यालो. पुढे रसाचा पेला दिसला तरी उमासे यायला लागले. पिवळेपणा वाढतच गेला, वर खाज सुटली. ही खाज कातडीवर नसते, कातडीच्या आत असते. नखांनी ती लागत नाही. मी भाकरीच्या काठवटीचा खरबरीत काठ पाठीला घासायचो. लघवी काळ्या चहाची, संडास पांढऱ्या मातीचा. धोतराला पिवळे डाग पडायला लागले, आणि नीळ घालून ते जाईनात.

माय एक दिवस माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबू, बाळापूरच्या रस्त्यानं एक जन माळ घालते. लय लोकायची उतरोली त्यानं."

"माय, म्याच लोकायले सांगतलं ना, ते खोटं हाये म्हणून."

"तुवं खरं तुयापाशी ठेव. तुयासाठी नको घालू, मायासाठी घाल. मले काय दुसरा लेक हाये काय?"

मायला टाळता आलं नाही, असं मी पुढे कित्येक दिवस लोकांना सांगत होतो. ते खोटं आहे. मी गेलो तो माझ्या पायांनी आणि माझ्या भीतीनं गेलो. त्या माणसानं माझ्या नाकात कसल्याशा कडू फळाचा रस पिळला. टाळूपर्यंत आग झाली आणि दोन दिवस नाकातून पिवळं पाणी गळत राहिलं. तो म्हणाला, "पाय, निंगून राहिली कावीळ." मग त्यानं गळ्यात माळ घातली.

ती मी शाळेत बंद गळ्याच्या कोटाखाली लपवली. वैशाखाच्या उन्हात कोट! रविवारी प्रकृतीचं निमित्त सांगून विहारात गेलो नाही. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही की माळ छातीवरून पोटावर आली तेव्हा मला आनंद झाला. ती का लांबते हे पंचक्रोशीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, तरी झाला. रोज सकाळी मी बोटांनी ती मोजायचो आणि आरशाकडे बघायचं टाळायचो. त्या आनंदाची मला आजही घाण वाटते. त्यात दीड महिना गेला.

*

शेवटी एक दिवस शेवंतानं मला सरळ उभं केलं, माझे कपडे पिशवीत भरले आणि अमरावतीला नेलं. तिथं एका सर्जनचा दवाखाना होता. डॉक्टरांनी सदरा काढायला सांगितला. मी कोट काढला, सदरा मात्र काढेना. त्यांनी स्वतःच बटणं सोडली. माळ बेंबीच्या खाली लोंबत होती.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"मास्तर आहे."

"अस्सं," एवढंच ते म्हणाले आणि कात्रीनं ती कापून बादलीत टाकली.

तीन दिवस तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी ते खाटेपाशी आले आणि शेवंताला म्हणाले, "घरातलं कोणी पुरुष माणूस आहे का? त्यांच्याशी बोलायचं आहे."

शेवंतानं माझ्याकडे बोट केलं. "पुरुष मानूस हा काय पडला हाये. दुसरा आनू कोठून? सांगाचं ते आमा दोघायले सांगा."

डॉक्टर घुटमळले. आमच्याकडे या रोगाचं नाव रोग्याला सांगत नाहीत; भावाला, काकाला, मेव्हण्याला बाजूला घेऊन सांगतात, मग तो भाऊ रोग्यासमोर येऊन खोटं हसतो. मला भाऊ नव्हता म्हणून मी त्या खोट्या हसण्यातून सुटलो. डॉक्टर स्टुलावर बसले आणि म्हणाले, स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ आहे, कर्करोगाची असावी, पित्ताची नळी तिनं दाबली म्हणून तुम्ही पिवळे.

स्वादुपिंड! तीन महिने माझ्या जिभेला कशाचाच स्वाद नव्हता, आणि ज्यानं तो घालवला त्याला हे नाव. मला हसू आलं आणि लगेच ओकारी आली. दोन्ही एकदमच झालं, डॉक्टरांच्या बुटांवर.

ते चिडले नाहीत. बूट पुसता पुसता म्हणाले, "नळीपाशीची गाठ लवकर पिवळं करते. ते एक नशीब असतं, माणूस वेळेत येतो. तुम्ही ते नशीब गळ्यात बांधून बसलात." पुढे म्हणाले, "एका उपायानं हा रोग हटत नाही. आधी गाठ काढू. मग सुया देऊ, मुंबईहून नवीन औषध आलंय. मग नागपूरला शेक, म्हणजे किरणांचा उपचार. तिन्ही मिळून मी याआधी कोणाचं केलेलं नाही. अर्ध्यावर सोडायचं असेल तर सुरूच करू नका."

"नाई सोडणार," शेवंता म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही.

*

ऑपरेशन सात तास चाललं, असं मला सांगितलं. त्यातलं मला काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते त्यानंतरचं आहे. नाकात नळी, पोटात दोन नळ्या, खाटेखाली बाटल्या. आठव्या दिवशी टाक्यांच्या एका टोकातून पाणी झिरपायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा स्वादुपिंडाचा रस आहे, अन्न पचवण्यासाठी असतो. बाहेर अन्न नव्हतं, माझी कातडी होती. तो ती पचवायला लागला. बेंबीच्या बाजूला तळहाताएवढी जागा लाल झाली, मग सोलली. वास यायचा तो गोडसर. सडलेल्या वासापेक्षा तो गोडसर वास भयंकर होता.

दर दोन तासांनी फडकं बदलावं लागे. ते शेवंता करायची. फडकी उकळायची, वाळवायची, जखमेभोवती पांढरं मलम लिंपायची, भरलेलं फडकं घडी करून न्यायची. हे सगळं ती भाकऱ्या थापताना असतो तसल्याच चेहऱ्यानं करायची. मी तिच्या नाकाकडे बघत पडायचो. एकदा तरी ते आकसेल, एकदा तरी ती मान फिरवेल, म्हणून पहारा ठेवायचो. ते आकसलं असतं तर मी मेलो असतो, आणि आकसत नव्हतं म्हणून मला राग यायचा. दाराबाहेर पोत्यावर बसवलेल्या त्या पोराला माणसाचं नाक कसं आकसतं हे पक्कं ठाऊक होतं.

"तुले नाक हाये का नाई?" एकदा मी ओरडलो.

"हाये. पडून राहा."

शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडचे एक पाटील होते, मूतखड्याचे. त्यांच्या सोबत त्यांचा पुतण्या. आमच्या भांड्याचा धक्का लागू नये म्हणून तो आपला तांब्या हातात धरूनच उभा असायचा. एका सकाळी पाटलांना खाटेतच परसाकडे झाली. झाडूवाला आला नव्हता. पुतण्यानं इकडे तिकडे बघितलं आणि शेवंताला म्हणाला, "बाई, तेवढं काढून टाका ना. तुमाले सवय असते."

मी उठायला गेलो, तर नळीला हिसका बसला आणि पुन्हा पडलो.

शेवंता हातातलं फडकं पिळत म्हणाली, "मले सवय नवऱ्याची हाये. काका तुमचे हायेत ना? घ्या फडकं, म्या उकळलेलं देतो."

तिनं खरंच एक स्वच्छ फडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोन बोटांत धरलं. मग पाटीलच खेकसले, "कर ना बे, पाहून काय राहिला!" आणि त्यानं केलं. केलं तेव्हा दोनदा बाहेर जाऊन ओकला. आजारपणाच्या दोन वर्षांत मला मनापासून बरं वाटलं असे दिवस थोडे, त्यातला तो एक.

*

रसाची धार दीड महिन्यानं आटली. डोळे पांढरे झाले, खाज गेली. मी म्हटलं सुटलो. मग सुया सुरू झाल्या.

सुयांबद्दल काय लिहू? पाच दिवस सुई, मग घरी, मग पुन्हा अमरावती. घरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेलाची गिरणी. सरकी भरडायला लागली की तो उग्र उबट वास घरात शिरायचा आणि मी मोरीकडे धावायचो. पुढे पुढे धावणं जमेना, मग खाटेशीच घमेलं. तोंड आतून सोलून निघालं. थुंकी गिळायची भीती वाटायची. माय फोडणी द्यायला घराबाहेर चूल मांडायची, तरी मला कळायचं. भेटायला येणारे दारात उभे राहून "काय होते नं काय झालं मास्तराचं" म्हणायचे, आणि निघताना बाहेरच्या रांजणावर हात धुऊन जायचे. हा रोग लागतो, असं त्यांना वाटायचं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी माझी व्याख्यानं ऐकली होती.

मी त्यांना दोष देत होतो, पण मलाही माझ्याजवळ बसवत नव्हतं. शक्य असतं तर मीही हात धुऊन निघून गेलो असतो.

*

तिसरा उपाय शेक. नागपूरला नवं यंत्र आलं होतं. एका थंड खोलीत लोखंडी फळीवर निजवायचे, सगळे बाहेर जायचे, दार लागायचं, यंत्र घुमायचं. दुखत काहीच नव्हतं. पण पहिल्या दिवशी माझ्या पोटावर त्यांनी जांभळ्या शाईनं चौकोन काढला आणि सांगितलं, "पाच आठवडे इथं पाणी लावायचं नाही. रेघ पुसली तर शेक चुकीच्या जागी बसेल."

पाच आठवडे! नळ्या, घमेलं, ते गोडसर पाणी, सगळं मी सोसलं होतं. अंघोळ हे माझं एकच उरलं होतं. आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेत मी ओल्या फडक्यानं हातपाय पुसून घ्यायचो. चौकोनाच्या आत घामाचा थर बसायला लागला, बोट लावलं की मळ निघायचा. दहाव्या दिवशी दुपारी शेवंता बाजारात गेली असताना मी नळाखाली बसलो, साबण घेतला आणि तो चौकोन घासघासून काढला. निम्मी कातडीही आली. मग धुतलेलं धोतर नेसलो, स्टेशनवर गेलो आणि अकोल्याच्या गाडीत बसलो. गाडीत मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

शेवंता दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पोचली. मी ओट्यावर बसलो होतो. माय तिला पाहून आत गेली.

"काहून आले?" शेवंतानं विचारलं.

"झालं तेवढं बस्स झालं. म्या आता जात नाई."

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं? अर्धं सोडाचं नाई."

"मरू दे मले. पन साफ मरू दे. घान होऊन जगाचं नाई मले."

ती पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"साफ मरन? कोनाले आलं हो साफ मरन? माया बाप मेला तवा म्याच धुतला, मले ठाऊक हाये मेलेला मानूस कसा असते ते. तुमी मेले तरी तुमाले धुवाचं मलेच लागन. मंग जित्तेपनी धुतो ना, जित्ता मानूस निदान शिव्या तरी देते. उठा. दुपारची गाडी हाये."

दुपारच्या गाडीनं आम्ही नागपूरला गेलो. शेकाच्या खोलीतल्या माणसानं मला शाळेतल्या पोरासारखं झापलं आणि सोललेल्या कातडीवर पुन्हा शाई फिरवली. झोंबली. मी मान फिरवून पडलो, आणि राहिलेले सगळे शेक पाणी न लावता पुरे केले.

*

हळूहळू जिभेला चव आली. पहिल्यांदा लागलं ते ज्वारीच्या कण्या आणि ताक. मी शाळेत परत रुजू झालो. आणि मग एक नवीनच घाण समोर आली. लोक म्हणायला लागले, मास्तर माळेनं बरे झाले. बाळापूरच्या रस्त्यावरचा तो माणूस येणाऱ्याला माझं नाव सांगायला लागला. मी विहारात उभा राहून सगळं सांगितलं: माळ, कोट, मोजलेली बोटं, तो आनंद. यावेळी कोणी हसलं नाही. व्याख्यान संपल्यावर एक म्हातारी जवळ येऊन कानात म्हणाली, "पन बाबू, थोडा तं गुन आलाच असन ना माळेचा?"

तेव्हा पुन्हा लिहितो. कावीळ पंधरा-वीस दिवसांत हटत नसेल, अंग खाजत असेल, वजन उतरत असेल, संडासाचा रंग मातीसारखा असेल, तर रस, माळ, नाकातलं पाणी, सगळं सोडा आणि पोट दाखवा. मी वाचलो याचा अर्थ उशीर चालतो असा नाही. डॉक्टर म्हणतात, माझ्यासारखे फार थोडे वाचतात. माझं शहाणपण कोटाखाली गेलं तिथं तुमचंही जाईल, म्हणून आधीच सांगतो.

*

आता शेवटचं. दोन वर्षांनी अमरावतीला तपासणी झाली. डॉक्टरांनी पोट चाचपलं, डोळे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, आता वर्षानं या." आम्ही बाहेर आलो. शेवंता रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. मोटार स्टँडवर बाकावर बसली आणि म्हणाली, "आता मले मायेरी जाऊ द्या."

"जा ना. किती दिवस?"

"ठाऊक नाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माया नाकातून तुमचा वास जाऊन नाई राहिला. दोन वर्सं झाले. भाकर मोडली तरी तोच येते. फडकं धुवाले जाओ तवा दवाखान्याच्या भिताडामांगं रोज ओको म्या. मंग तोंड धुवो अन् येवो."

ज्या नाकावर मी दोन वर्षं पहारा ठेवला, ते मला काहीच कळू देत नव्हतं.

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी उठून गेले असते."

तिचं खरं होतं. मी त्याच दिवशी नळ्या ओढून निघून गेलो असतो, आणि हे लिहायला उरलो नसतो.

गाडी लागली. मी तिची पिशवी वर ठेवली आणि खाली उतरलो. शेवंता माहेरी सव्वा महिना राहिली. माय रोज विचारायची, पत्र टाकलं का, बोलावलं का. मी टाकलं नाही. तिच्या नाकातून मी पुरता जाईपर्यंत तिला बोलवायचं नाही, असं ठरवलं होतं. एवढ्या मोठ्या आजारात मी तिच्यासाठी केलेलं तेवढं एकच काम.